मांजरांमधील ल्युकेमिया : जपणूक आणि निरोप

कोकणात सावित्री नदीच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावात मांजर पाळले जाते ते मुख्यतः भाताच्या कणगीभोवती फिरणाऱ्या उंदरांच्या बंदोबस्तासाठी, आणि म्हणून ते एका घराचे असूनही वाडीतल्या चार पडव्यांवर जेवते, मासळी साफ होत असेल तिथे हजर राहते आणि पिल्ले घालते ती शेजाऱ्याच्या माळ्यावर. अशा मोकळ्या राहणीत एखादे मांजर खंगत गेले आणि एक दिवस दिसेनासे झाले, तर त्याला काय झाले होते याची चौकशी सहसा होत नाही. खंगण्याची कारणे अनेक असू शकतात. त्यांपैकी एक, जे रक्ततपासणीशिवाय ओळखता येत नाही, म्हणजे फेलाइन ल्युकेमिया विषाणू.

या विषाणूचा शोध 1964 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. एकाच घरातील अनेक मांजरांना लसीका ग्रंथींचा कर्करोग झाल्याचे आढळले होते आणि कर्करोग असा एका घरात एकवटतो कसा, या प्रश्नातून संशोधन विषाणूपर्यंत पोहोचले. हा रेट्रोव्हायरस आहे, म्हणजे तो आपल्या आरएनए या जनुकीय द्रव्यावरून डीएनए घडवतो आणि तो यजमान पेशीच्या गुणसूत्रांत कायमचा बसवतो. त्यामुळे एकदा अस्थिमज्जेत, म्हणजे रक्तपेशी तयार होतात त्या हाडांतील मगजात, त्याने ठाण मांडले की त्याला शरीरातून काढून टाकणारे औषध आजही उपलब्ध नाही. बाधित मांजरांपैकी काहींनाच प्रत्यक्ष कर्करोग होतो. पुष्कळांना रक्तक्षय होतो किंवा प्रतिकारशक्ती ढासळल्याने एरवी किरकोळ ठरणारे संसर्गच जीवघेणे होतात.

विषाणू प्रामुख्याने लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणे, एकाच वाडग्यात खाणे आणि बोक्यांच्या भांडणातील चावे ही त्याची नेहमीची वाट असून बाधित भाटीकडून पिल्लांना तो गर्भातच किंवा दुधातून मिळू शकतो. मांजराच्या शरीराबाहेर मात्र तो फार काळ तग धरत नाही आणि साबणाच्या पाण्याने सहज नष्ट होतो. माणसांना किंवा कुत्र्यांना त्याची बाधा झाल्याचे आढळलेले नाही, त्यामुळे घरात लहान मुले आहेत एवढ्या कारणाने आजारी मांजर दूर करण्याची गरज नसते. मार्जारकुळातील वन्य प्राण्यांना मात्र धोका असतो. स्पेनमधील दोन्याना परिसरात 2007 मध्ये अतिदुर्मीळ आयबेरियन लिंक्समध्ये याच विषाणूची साथ आली होती.

संसर्ग झालेल्या प्रत्येक मांजराची गत सारखी नसते. काहींची प्रतिकारशक्ती विषाणूला सुरुवातीलाच परतवून लावते. काहींमध्ये तो पेशींत सुप्त राहतो. उरलेल्यांमध्ये तो रक्तात सतत वाढत राहतो आणि याच गटातील बहुतेक मांजरे निदानानंतर सुमारे तीन वर्षांच्या आत दगावतात. वय जितके कमी तितका धोका अधिक असल्याने पिल्लांना सर्वाधिक जपावे लागते. वजन घटणे, हिरड्या पांढुरक्या पडणे किंवा सुजणे, वारंवार ताप वा जुलाब, धाप लागणे आणि भाटीचा गर्भपात होणे ही लक्षणे संशय निर्माण करतात, पण निदान सिद्ध करत नाहीत.

निदानासाठी रक्ताच्या काही थेंबांवर जलद चाचणी करता येते. ती विषाणूचे प्रथिन शोधते. मात्र संसर्ग नुकताच झाला असेल तर ते प्रथिन सापडत नाही, म्हणून संशय असल्यास महिन्याभराने पुन्हा तपासावे लागते, आणि चाचणी बाधित दाखवत असेल तरीही दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घेणे आवश्यक असते. तालुक्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर गाईगुरांवर असतो. सखोल तपासणीसाठी मुंबईचा विचार केल्यास परळला 1886 मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय या जुन्या संस्था आहेत. लसीबाबत एक गैरसमज टाळायला हवा. आपल्याकडे मांजरांना सर्रास दिली जाणारी तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंविरुद्ध असते, ल्युकेमियाविरुद्ध नव्हे; पॅनल्युकोपेनिया हा पार्व्होविषाणूमुळे होणारा वेगळा रोग असून तो काही दिवसांतच पिल्लांचा बळी घेऊ शकतो. ल्युकेमियाची पहिली लस अमेरिकेत 1985 मध्ये वापरात आली. ती आधीच बाधित झालेल्या मांजराला बरे करत नाही.

बाधित मांजराची जपणूक ही बव्हंशी घरगुती शिस्तीची गोष्ट आहे. त्याला घरातच ठेवावे, इतर मांजरांपासून त्याचे वाडगे आणि जागा वेगळी करावी, नसबंदी करून घ्यावी, मासळीची डोकी आणि मांस कच्चे न देता शिजवून द्यावे, आणि दर सहा महिन्यांनी वजन, हिरड्या व रक्त तपासून घ्यावे. मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटणारी सर्दीही अशा मांजरासाठी उपचाराची निकड असते. एवढे केल्यास कित्येक मांजरे महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे, खाऊनपिऊन समाधानाने जगतात.

याच्या नेमके उलट वर्तन म्हणजे नकोशी पिल्ले किंवा आजारी मांजर पोत्यात घालून पुलापलीकडे अथवा मासळीबाजारात सोडून येणे. विषाणू वस्तूंवर टिकत नसल्याने त्याला नवी वाडी गाठून देणारे वाहन म्हणजे खुद्द बाधित मांजरच. ते सोडले की घरातला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो भुकेल्या, भांडणाऱ्या, वीण वाढवणाऱ्या मांजरांच्या गर्दीत जाऊन मिसळतो. नसबंदीमुळे पिल्ले थांबतात आणि बोक्यांची भांडणे कमी होतात, म्हणून या रोगाविरुद्ध गावाच्या हातात असलेला तो सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

शेवटचा टप्पा आला की निर्णय अवघड होतो. मांजराने खाणे सोडले, श्वास घेण्यास त्रास होऊ लागला आणि उपचाराने काही काळही बरे वाटेनासे झाले, तर पशुवैद्य दयामरणाचा पर्याय सुचवू शकतात. यात भुलीच्या औषधाचा मोठा डोस देऊन वेदनेविना मृत्यू आणला जातो. मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत कोकणातही परिचित असल्याने अनेकांना त्यात पापाची भीती वाटते. त्या समजुतीमागचा निषेध निर्दयपणाचा आहे, आणि असह्य वेदना लांबवत नेणे हाही निर्दयपणाच ठरू शकतो. निर्णय कोणताही असो, तो मांजराची स्थिती पाहून घ्यावा, लोकलाजेने नव्हे. मृत्यूनंतर विहिरीपासून दूर खोल खड्डा घेऊन मांजर पुरावे, भांडी व अंथरूण धुवावे, आणि त्याच्यासोबत राहिलेल्या प्रत्येक मांजराची तपासणी करून घ्यावी, कारण घरात नवे पिल्लू आणणे योग्य की अयोग्य हे त्या निकालावरच ठरते.