आपला साबण परदेशी पाठवायचा तर

मी भाईंदरहून बोलतेय. इथल्या महिला बचत गटांच्या समन्वयाचं काम मी करते.

दिवाळीआधी आमच्या एका गटातल्या मावशींचा फोन आला. "ताई, दुबईहून भाचीचा निरोप आलाय. तिच्या ओळखीच्या दुकानदाराला आपले हळदीचे २०० साबण हवेत. गटाच्या खात्यातून पैसे काढून तेल आणू का?"

मी म्हटलं, "तेल नंतर आणू मावशी. आधी साबणाचं वेष्टन दाखवा."

वेष्टनावर छापलं होतं, 'मुरुम, खरूज, डाग बरे करतो.' बॅच नंबर नाही, तारीख नाही, घटकांची यादी नाही. परवानाही नव्हता. ती ऑर्डर आम्ही घेतली नाही. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण माल तिकडे अडकला असता तर १२ बायकांची बचत अडकली असती. म्हणून आज हा विषय.

पहिली गोष्ट परवान्याची. अंगाचा साबण, क्रीम, केसांचं तेल विक्रीसाठी बनवायचं तर परवाना लागतो, मग माल गावात विका की परदेशात. कायदा १९४० चा आहे आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधने नियम २०२० चे. आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन हा परवाना देतं. त्यासाठी वेगळी स्वच्छ जागा, यंत्रं, जाणकार माणूस आणि मालाची तपासणी लागते. घरच्या ओट्यावर हे जमत नाही. पण दुसरी वाट आहे, 'लोन लायसन्स'. यात बँकेच्या कर्जाचा काही संबंध नाही. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा आणि त्यासाठी आपल्या नावाने परवाना काढायचा.

दुसरी गोष्ट वेष्टनावरच्या शब्दांची. 'त्वचा स्वच्छ, मऊ ठेवतो' म्हटलं तर ते सौंदर्यप्रसाधन. 'खरूज बरी करतो' म्हटलं की ते औषध, आणि औषधाचे नियम वेगळे. विकोची हळदीची क्रीम आपल्याला माहीत आहे. केशव पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत परळला ही कंपनी सुरू केली. त्यांचा माल सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत. कंपनी जिंकली, कारण औषध म्हणून तिची बाजू पक्की होती. आपल्या गटाला असा एक खटलाही परवडणार नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येक देशाचा कायदा निराळा. दुबईत विकायचं तर तिथल्या परवानाधारक कंपनीमार्फत मालाची नोंदणी करावी लागते. युरोपात आपल्या मालाची जबाबदारी घेणारी व्यक्ती किंवा कंपनी तिथलीच लागते, आणि जाणकाराने दिलेला सुरक्षिततेचा अहवालही लागतो. अमेरिकेत तर काजळ आणि सुरमा चालतच नाही, कारण त्यात शिसं सापडतं. मेंदीला तिथे केस रंगवायला परवानगी आहे, हातावर काढायला नाही! आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, एवढं सांगून तिथे भागत नाही.

घटकांची नावंही जगभर चालणारी लिहावी लागतात. हळदीचं नाव तिथे 'कर्क्युमा लोंगा'. सुरुवात साबणापासून किंवा तेलापासून करा. कोरफडीच्या जेलमध्ये पाणी असतं, त्यात जंतू लवकर वाढतात. ते टिकवणं अवघड.

चौथी गोष्ट निर्यातीच्या कागदांची. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, ऑनलाइन निघतो. सरकारी फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती पुन्हा नोंदवावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. थोडा माल पाठवायला एजंटच लागतो असं नाही. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. तिथे पार्सल आणि कस्टमचे कागद एकाच जागी होतात. जवळच्या मुख्य टपाल कार्यालयात चौकशी करा.

आणि आज संध्याकाळीच करता येईल असं एक काम सांगते. एक वही घ्या. कुठल्या तारखेला, कुठलं तेल, किती ग्रॅम, किती कॉस्टिक, कोणी मोजलं, किती वड्या निघाल्या, सगळं लिहा. प्रत्येक घाण्याला नंबर द्या आणि त्यातली एक वडी बाजूला ठेवा. उद्या कोणी तक्रार केली तर ती वही आणि ती वडीच तुमच्या बाजूने बोलेल.

आमच्या मावशींनी वही सुरू केली आहे. वेष्टनावरून खरूज गेली. लोन लायसन्ससाठी एका कारखान्याशी बोलणं चालू आहे. दुबईच्या भाचीला त्यांनी कळवलंय, "साबण येईल, पण कागद घेऊन येईल."