कडेचे चेहरे आणि एन्लार्जरचे भिंग

बालरोगतज्ज्ञाने भिंगांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु दवाखाना आटोपल्यावरचा माझा वेळ बरीच वर्षे अंधारखोलीत, जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून छायाचित्रे मोठी करण्यात जातो. आणि तेथेही माझे लक्ष मुलांकडेच असते. जुन्या समूहचित्रांत वडीलधारी मंडळी मधोमध खुर्च्यांवर, तर मुले पुढे सतरंजीवर किंवा अगदी कडेला. एन्लार्जरचे भिंग अपुरे पडले, की प्रथम हे कडेचे चेहरे पुसट होतात. बालमृत्यूंचे प्रमाण मोठे असलेल्या त्या काळात काही मुलांचे तेच एकमेव छायाचित्र असे.

भिंगाचे नाभीय अंतर साधारणतः निगेटिव्हच्या कर्णाइतके असावे, हा ढोबळ नियम. ३५ मिमी फिल्मला ५० मिमीचे भिंग पुरते. ४ × ५ इंची शीटला १५० मिमीचे लागते. स्टुडिओतल्या हाफ-प्लेटचा (४¾ × ६½ इंच) कर्ण सुमारे २०५ मिमी, म्हणून तिला २१० मिमीचे भिंग हवे. फार आखूड भिंगाने कोपऱ्यांत कमी उजेड पोचतो आणि कागदावर कोपरे फिके उमटतात. लांब भिंगाला मात्र उंच खांब लागतो: २१० मिमीने हाफ-प्लेट तिप्पट करताना निगेटिव्ह ते कागद अंतर सुमारे ११२ सेंमी होते. तेव्हा भिंग घेण्याआधी खांब मोजावा.

कॅमेऱ्याचे भिंग सहसा दूरच्या दृश्यासाठी घडवलेले असते. एन्लार्जरचे भिंग एका सपाट पृष्ठावरील प्रतिमा जवळच्याच दुसऱ्या सपाट पृष्ठावर नेण्यासाठी. श्नायडरचे कॉम्पोनॉन-एस, रोडेनश्टॉकचे रोडागॉन, निकॉनचे ईएल-निक्कोर ही या कामाची नावाजलेली भिंगे. तीन काचांची स्वस्त भिंगे मध्यभागी चांगली, कोपऱ्यांत उणी. एफ/५.६ च्या भिंगाचे छिद्र एफ/११ पर्यंत लहान केले की कोपरे सुधारतात. फारच लहान केल्यास विवर्तनामुळे सारे चित्रच मऊ पडते.

अशी भिंगे आता बहुधा जुन्या बाजारातच मिळतात. घेताना टॉर्चच्या उजेडात आरपार पाहावे. बुरशीचे जाळे असल्यास, किंवा काचा सांधणारा कॅनडा बाल्सम सुटला असल्यास नाकारावे. हिस्टॉलॉजीच्या जुन्या स्लाइडवर असे, तोच हा बाल्सम.

कडेचा चेहरा अस्पष्ट आला, तर आपल्या सवयीप्रमाणे विभेदक निदान करावे. त्या कोपऱ्यातील प्लेटवरचा एखादा ओरखडा कागदावर हातभिंगाने शोधावा. ओरखडाही पुसट असेल, तर दोष एन्लार्जरकडचा: भिंगाचा किंवा निगेटिव्ह व कागद समांतर नसल्याचा. ओरखडा रेखीव, पण चेहरा आणि सतरंजीची नक्षी दोन्ही पुसट असतील, तर दोष मूळ कॅमेऱ्याचा. नक्षी स्वच्छ आणि चेहराच तेवढा हललेला असेल, तर ते मूलच हलले! त्या दोषावर उपचार नाही, आणि माझ्या मते तो करूही नये.

आपल्या माळ्यावर अशा प्लेटांची पेटी असेल, तर प्लेटा उभ्या ठेवाव्यात. ओल्या फडक्याने पुसू नयेत. आणि छायाचित्र मोठे करून घेताना चारही कोपरे न कापता मागून घ्यावेत.