घशातली काडी आणि दोन रेघा

पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या करोना किटला आयसीएमआरने मे २०२१ मध्ये घरी वापरायची परवानगी दिली, आणि चाचणी म्हणजे दोन रेघा हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलं. एक रेघ आली तर सुटलो, दोन आल्या तर अडकलो. मुलाला ताप भरून अंगावर लाल पुरळ उठलं, मोबाइलवर शोधताना स्कार्लेट फिव्हर हे नाव समोर आलं, की पुढचा प्रश्न त्याच वळणाने येतो: याची तशी किट मिळते का? इंदूरजवळच्या बेटम्यासारख्या गावात तो जास्तच येतो, कारण मोठ्या तपासणीसाठी धार रस्त्याने इंदूर गाठायचं म्हणजे एक दिवसाचा रोजगार जातो.

किट आहे, पण ती स्कार्लेट फिव्हर शोधत नाही. अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जो जंतू घशात बसतो, त्याच्या पेशीभित्तिकेतली एक विशिष्ट साखर ती शोधते. या साखरेवरून जंतूंचे गट पाडायची पद्धत रिबेका लॅन्सफिल्ड या अमेरिकी संशोधिकेने १९३३ मध्ये मांडली. आजची पट्टी त्याच तत्त्वावर चालते. पुरळ उठतं ते या जंतूचे काही वाण सोडतात त्या विषामुळे, आणि विष किटला दिसत नाही. नुसता घसा दुखणारं पोर आणि अंगभर पुरळ उठलेलं पोर, दोघांच्या पट्टीवर रेघा सारख्याच. स्कार्लेट फिव्हरचं निदान डॉक्टर डोळ्यांनी आणि हातांनी करतात. घशात जंतू आहे एवढीच साक्ष किट देते.

हातांनी म्हणायचं कारण आहे. इंटरनेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या मुलांचे असतात. सावळ्या अंगावर ती लाली तितकी उठून दिसत नाही, आणि घरचे म्हणतात, "काही नाही, घामोळं आहे." अशा वेळी पोटावरून, छातीवरून हात फिरवावा. कातडी बारीक पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते. काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला, जांघेत घडीच्या रेषा गडद दिसतात. गाल लालसर असले तरी ओठांभोवतीची जागा फिकी राहते. जिभेवर आधी पांढरा थर असतो, तो गेला की ती लालभडक आणि दाणेदार होते. आठवडाभराने बोटांच्या टोकांची सालं निघतात. एवढं आईला दिसलं आणि तिने डॉक्टरांना सांगितलं, तर निदानाचं निम्मं काम तिथेच होतं.

"हा विलायतेतला आजार, आपल्याकडे कुठला!"

या समजुतीला थोडा इतिहास आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात या आजाराने घरंच्या घरं रिकामी केली, आपल्याकडे तशा साथी नोंदल्या गेल्या नाहीत, म्हणून उष्ण देशांत हा होत नाही असं बराच काळ धरून चाललं. २०२२ च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये मुलांमध्ये मोठी साथ आली, तेव्हा आपल्या बातम्यांतही तो परदेशी पाहुणाच होता. पण २०२४ च्या सुरुवातीला हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञांकडे असे रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या. आणि जंतू तर इथला जुनाच रहिवासी. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले तरुण आपल्या सरकारी रुग्णालयांत वर्षानुवर्षं दिसत आले आहेत; त्यांच्या कहाणीची सुरुवात याच जंतूने होते.

दुसरी समजूत घरातल्या वडीलधाऱ्यांची. "माता आल्यात, औषध घालू नका सूनबाई. कडुलिंबाचा पाला ठेवा उशाशी." पाला ठेवायला हरकत नाही. हरकत आहे ती औषध थांबवण्याला. माता म्हणतात त्या गोवरात आधी सर्दी, खोकला, लाल डोळे असतात आणि पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतं. स्कार्लेट फिव्हरमध्ये घसा दुखतो, ताप येतो, आणि साधारण एक-दोन दिवसांत पुरळ मान-छातीवरून पसरतं. गोवरावर प्रतिजैविक चालत नाही, याच्यावर चालतं, आणि ते वेळेवर मिळणं महत्त्वाचं आहे. दोन्हींत डॉक्टरांना दाखवायचंच. गोवराची तर सरकारी दवाखान्यात नोंदही व्हायला हवी.

"करोनासारखीच नाकात काडी घालायची ना?"

नाही, घशात. आणि खरी गोम इथेच आहे. डॉक्टरांच्या टेबलाजवळ काय होतं ते बघा. मूल आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकलेली, आईचा एक हात त्याच्या दोन्ही हातांवर, दुसरा कपाळावर. "आऽऽ कर बाळा, मोठ्ठा." जीभ चपट्या पट्टीने दाबली जाते. काडी जीभ, गाल, दात यांना न लागता दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर घासून फिरवायची असते. मुलाला उमासा येतोच. तो आला म्हणून हात मागे घेतला की काडीवर फक्त थुंकी येते, आणि थुंकीवरची "निगेटिव्ह" कुणाच्याच उपयोगाची नाही. मग बहुतेक किटांत दोन द्रावणांचे थेंब छोट्या नळीत टाकतात, सोडियम नायट्राइट आणि अॅसिटिक आम्ल. दोन्ही मिळून जंतूची ती साखर मोकळी करतात. काडी त्यात मिनिटभर घोळून पिळायची, पट्टी बुडवायची, पाचेक मिनिटांत वाचायची. अर्ध्या तासाने उगवलेली फिकट रेघ धरायची नाही. किटमधलीच काडी वापरायची. घरातला कापूस काडीला गुंडाळून चालत नाही.

हे घरी जमेल का? दहा-बारा वर्षांच्या समजूतदार मुलीचं कदाचित जमेल. चार वर्षांच्या हट्टी पोराचं घरच्या घरी होणं अवघड, हे कुठल्याही आईला पटेल. ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक किटांच्या खोक्यावर "फक्त व्यावसायिक वापरासाठी" असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते आधी वाचावं. आणि समजा दोन रेघा आल्या, तरी औषधासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच. म्हणजे दवाखान्याची फेरी वाचत नाही. माझं मत विचाराल तर किटचे पैसे आईबापांनी खर्च करण्यापेक्षा ती गावातल्या डॉक्टरांच्या कपाटात असावी. चाचणी घशात काडी घालायचा सराव असलेल्या हातांनी करावी, आणि ज्यांनी अंग तपासलंय त्यांनीच पट्टी वाचावी. आज छोट्या दवाखान्यांतून ती क्वचितच दिसते, ही खरी उणीव.

"एकच रेघ आली, म्हणजे काही नाही."

२०१६ च्या कोक्रेन आढाव्यात मुलांवरच्या या चाचणीचे आकडे एकत्र केले आहेत. घशात खरोखर हा जंतू असलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ८६ मुलांत ती तो पकडते, १४ सुटतात. जंतू नसलेल्या १०० मधल्या सुमारे ९५ जणांना ती बरोबर "नाही" सांगते. म्हणून दोन रेघांवर बराच विश्वास ठेवता येतो, एका रेघेवर तितका नाही. पुरळ आणि घसा दोन्ही संशयास्पद असतील आणि पट्टी निगेटिव्ह असेल, तर घशातल्या स्रावाचं कल्चर करतात. रक्त घातलेल्या माध्यमावर जंतू वाढवून बघायला एक-दोन दिवस लागतात. बेटम्यात ती सोय नसेल तर इंदूरच्या गंगवाल बसस्टँडला उतरून एमवाय या सरकारी रुग्णालयाकडे वळायचं, कारण वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे रोजचं काम असतं. एक गोष्ट पाळावी: काडी प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी. घरात उरलेल्या पाकिटातली एक गोळी आधी देऊन मग चाचणीला नेलं, तर चाचणीची माती झाली.

तरी दोन रेघांनाही एक फट आहे. शाळकरी मुलांत काहींच्या घशात हा जंतू नुसताच मुक्काम करून असतो, त्रास काही देत नाही. अशा मुलाला साधी सर्दी झाली आणि कुणी हौसेने काडी घातली तर रेघा दोन येतात, आणि विषाणूच्या सर्दीला दहा दिवसांचं प्रतिजैविक चालू होतं. म्हणून नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तोंडात फोड आहेत अशा वेळी ही चाचणी सहसा करायचीच नाही. तीन वर्षांखालच्या मुलांतही सरसकट करत नाहीत. सगळ्या भावंडांची रांग लावायचंही कारण नाही. ज्याला त्रास आहे त्यालाच न्या. आणि पाच दिवस उलटूनही ताप हटत नसेल, डोळे लाल, ओठ फुटलेले असतील, तर किट बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना गाठा. कावासाकी हा वेगळा आजार असाच दिसतो, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर घाला घालतो.

"एएसओ करून घेतली, दोनशेच्या वर आहे, म्हणजे जंतू आहे."

आपल्याकडचा सगळ्यात पसरलेला गैरसमज हा. घसा दुखला, सांधा दुखला, की रक्त काढून एएसओ टायटर. रिपोर्टवर २०० च्या पुढचा आकडा, त्याखाली ठळक रेघ, आणि घरात घबराट. ही चाचणी जंतू शोधत नाही. शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं मोजते. ती आजारानंतर आठवडाभराने वाढायला लागतात, तीन ते सहा आठवड्यांनी शिगेला पोचतात आणि पुढे महिनोन्‌महिने रेंगाळतात. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी काढलेली एएसओ आजच्या घशाबद्दल काहीही सांगत नाही. आकडा जास्त आला तर तो दिवाळीत झालेल्या आणि विसरलेल्या घसादुखीचा असू शकतो. कमी आला तर आजचा जंतू तिथे असूनही निसटलेला असेल. शिवाय आपल्याकडे शाळकरी वयात हा जंतू वारंवार भेटत असल्यामुळे धडधाकट मुलांचाही आकडा २०० च्या वर जातो. केवळ त्या आकड्यावर पोरांना वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचलं जाणं, हे दुखणं आणि खर्च दोन्ही फुकटचे. संधिवाताच्या तापाचं निदान करायचे निकष डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये घालून दिले, २०१५ मध्ये ते पुन्हा सुधारले गेले. त्यांत अशी प्रतिपिंडं हा आधीच्या संसर्गाचा आधार आहे, एकटं निदान कधीच नाही.

औषधाबद्दल थोडक्यात. साधं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस, ही जुनी योजना अजून टिकून आहे. पेनिसिलिनला दाद न देणारा हा जंतू रुग्णांत आजवर आढळलेला नाही. अॅझिथ्रोमायसिनचं तसं नाही, त्याला न जुमानणारे जंतू आहेत, म्हणून ते पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोर खेळायला लागलं की बाटली फ्रिजच्या मागे जाते. ताप उतरवणं हे या औषधाचं छोटं काम. मोठं काम हृदयाच्या झडपा वाचवण्याचं, आणि त्यासाठी दहा दिवस लागतात. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा बचाव होतो. म्हणजे कल्चरच्या रिपोर्टची वाट बघायला दोन दिवस गेले तर आभाळ कोसळत नाही. औषध सुरू होऊन चोवीस तास झाले आणि ताप नसला तर मूल शाळेत जाऊ शकतं. दहा दिवसांनी "जंतू गेला का" बघायला पुन्हा काडी घालायची सहसा गरज नसते. लस मात्र अजून नाही.

गिळता न येऊन लाळ गळणं, तोंड उघडता न येणं, श्वास लागणं, मूल मलूल पडणं यांपैकी काहीही दिसलं तर किट, कल्चर सगळं सोडून सरळ रुग्णालय. बरं झाल्यावरही तीन-चार आठवडे नजर असू द्यावी. लघवी चहाच्या रंगाची झाली, सकाळी चेहरा-डोळे सुजले, तर मूत्रपिंडाला सूज आली असण्याची शक्यता असते. आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे पाळीपाळीने दुखायला लागले, चालताना धाप लागली, तर हृदयाची तपासणी हवी. या दोन्ही प्रसंगी डॉक्टरांनी एएसओ लिहून दिली तर मुकाट्याने करून घ्यावी. तिची वेळ तेव्हाच असते.