संचालक मंडळांतील स्त्री आणि कारखान्याचें सांडपाणी

पुष्कळ सुशिक्षित घरांतून आजकाल निरनिराळ्या कंपन्यांचे थोडेबहुत शेअर असतात, आणि वर्षांतून एकदां त्या कंपन्यांचे अहवाल, पूर्वीं टपालानें व आतां बहुधा संगणकावर, घरीं येऊन पडतात. नफा किती झाला व लाभांश किती मिळणार एवढें पाहिलें कीं अहवाल बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु मोठ्या कंपन्यांच्या त्याच अहवालांत आणखी दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. संचालक मंडळांत स्त्रिया किती, ही एक. आणि कंपनीनें पाणी व इंधन किती वापरलें व घाण किती बाहेर टाकली, ही दुसरी. ह्या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न बरींच वर्षें अभ्यासकांपुढें आहे. आणि त्याचें उत्तर प्रथमदर्शनीं वाटतें तितकें सोपें नाहीं.

संचालक मंडळ म्हणजे कारखाना चालविणारी मंडळी नव्हे. रोजचा कारभार व्यवस्थापक पाहतात. मोठ्या खर्चाची मंजुरी मात्र मंडळाच्या बैठकींत मिळते. सांडपाणी शुद्ध करण्याचें यंत्र यंदां घ्यावें कीं पुढील सालावर ढकलावें, बॉयलरमध्यें कोळसाच जाळीत राहावें कीं दुसरें इंधन आणावें, हे निर्णय तेथें होतात. अशा निर्णयांचा खर्च आज दिसतो आणि लाभ दहा वर्षांनीं, तोहि बहुधा नदीकांठच्या परक्या माणसांस मिळतो. म्हणून त्या बैठकींत कोणी तरी अडचणीचा प्रश्न विचारणारें असावें लागतें.

असा प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात काय? अमेरिकेंतील कंपन्यांच्या अभ्यासांतून कांहीं दुवे हातीं आले आहेत. रेनी अ‍ॅडम्स व डॅनिएल फेरेरा ह्यांना २००९ सालीं असें आढळलें कीं, स्त्री-संचालकांची बैठकींतील हजेरी पुरुषांपेक्षां चांगली असते. इतकेंच नव्हे, तर मंडळांत स्त्रिया वाढल्या म्हणजे पुरुषांचीहि हजेरी सुधारते. चेल्सी ल्यू ह्यांच्या २०१८ च्या अभ्यासांत ज्या मंडळांत स्त्रियांचें प्रमाण अधिक, त्या कंपन्यांवर पर्यावरणविषयक खटले कमी झालेले दिसले. सूर्य, वारा इत्यादींपासून मिळणाऱ्या शक्तीचा वापरहि अशा कंपन्यांत अधिक असतो, असें २०२१ सालीं दुसऱ्या एका अभ्यासानें दाखविलें.

तथापि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरते असें नव्हे. संपन्न व लोकांच्या नजरेंत भरणाऱ्या कंपन्या स्त्रियांस मंडळावर आधीं घेतात, आणि धुराड्यावर गाळणीहि आधीं बसवितात. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीचें अध्यक्षपद १९९६ सालीं अनु आगा ह्यांच्याकडे व २००४ सालीं त्यांच्या कन्या मेहेर पदमजी ह्यांच्याकडे आलें. ही कंपनी प्रदूषण आवरण्याचीं साधनें तयार करते. परंतु हा व्यवसाय १९९६ पूर्वींचाच आहे. नुसतें कोष्टक पाहणारा मात्र येथेंहि कार्य आणि कारण ह्यांची गल्लत करूं शकेल.

संख्येचें व स्वातंत्र्याचें महत्त्व येथेंच ध्यानांत येतें. रोझाबेथ मॉस कँटर ह्यांनीं १९७७ सालींच दाखवून दिलें होतें कीं, मोठ्या पुरुषसमूहांत एकटी पडलेली स्त्री व्यक्ति न राहतां नमुना बनते. तिच्या मतापेक्षां तिच्या असण्याकडेच लोक पाहतात. वर उल्लेखिलेल्या २०२१ च्या अभ्यासांतहि परिणाम दिसला तो मंडळावर निदान दोन स्त्रिया असल्यावर, आणि त्याहि कंपनीच्या नोकरींत नसलेल्या, स्वतंत्र असल्यावर. नॉर्वेनें २००३ च्या कायद्यानें मोठ्या सार्वजनिक कंपन्यांत सुमारें ४० टक्के जागांचा दंडक घातला व २००८ पासून तो कसोशीनें अमलांत आणला. भारतांत २०१३ च्या कंपनी कायद्यानें शेअरबाजारांत नोंदलेल्या प्रत्येक कंपनीस निदान एक स्त्री-संचालक नेमणें भाग पाडलें. तेव्हां कित्येक कंपन्यांनीं मालकाच्याच घरांतील पत्नी किंवा कन्या बसवून कायद्याचें शब्दशः पालन केलें. म्हणून सेबीनें पहिल्या ५०० कंपन्यांस १ एप्रिल २०१९ पासून व पहिल्या १००० कंपन्यांस १ एप्रिल २०२० पासून निदान एक स्वतंत्र स्त्री-संचालक आवश्यक केली. एक ही संख्या मात्र एकच राहिली.

ह्या साऱ्या वादांत एका धोक्याची जाणीव ठेविली पाहिजे. स्त्रियांमुळें नद्या स्वच्छ होतात म्हणून त्यांस मंडळावर घ्यावें, असा युक्तिवाद केला, तर उद्यां आंकडे उलट निघाल्यास त्यांना उठवावयाचें काय? पुरुषाकडे असा दाखला कोणीहि मागत नाहीं. योग्यता असेल तेथें जागा मिळणें हा न्यायाचा भाग आहे; पर्यावरण सांभाळणें हें मंडळांतील प्रत्येकाचें, स्त्रीचें तसेंच पुरुषाचें, कर्तव्य आहे. स्त्रियांचा प्रवेश हें त्या कर्तव्याचें ओझें एकीच्या खांद्यावर टाकण्याचें निमित्त होऊं नये.

२०२२-२३ ह्या वर्षापासून पहिल्या १००० कंपन्यांस पाणी, वीज, धूर व कचरा ह्यांचा हिशेब आणि मंडळांतील स्त्रियांची संख्या हीं दोन्ही एकाच निवेदनांत देणें सक्तीचें झालें आहे. भागधारकांच्या वार्षिक सभेंत त्यासंबंधीं प्रश्न विचारण्याचा अधिकार एक शेअर असणाऱ्यासहि आहे. तेव्हां पुढचा अहवाल घरीं येईल त्या वेळीं लाभांशाच्या पानापुढें आणखी चार पानें उलटणें अवघड नाहीं. मंडळांतील एकट्या स्त्रीनें जो प्रश्न विचारावा अशी अपेक्षा केली जाते, तो बाहेरून दहा घरांनीं विचारला, तर तिचाहि आवाज एकटा राहणार नाहीं.