प्रश्नपरीक्षेत राहून गेलेला एक प्रश्न

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नपरीक्षेत आमच्याकडून राहून गेलेल्या एका प्रश्नाची हकीकत वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

काही वर्षांपूर्वी जीर्ण कासाची एक विवाहित रुग्णा आमच्याकडे आली. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे निदान झाल्याने आम्ही तिला शासकीय केंद्राकडे पाठविले. तिसऱ्या महिन्यात ती परत आली. अशक्तपणाने पाळी चुकली असावी, पाळी येण्याचे औषध द्यावे, असे तिचे म्हणणे होते. रजःप्रवर्तनी वटी लिहिण्यापूर्वी आम्ही मूत्रतपासणी करविली, तो ती गर्भवती निघाली. ती ‘माला-एन’ नियमित घेत होती. परंतु ती गोळीला औषध मानीत नसल्याने तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

क्षयचिकित्सेतील रिफाम्पिसिन यकृतातील एन्झाइमांना चेतविते. त्यामुळे गोळीतील संप्रेरकांचे विघटन शीघ्र होऊन त्यांची रक्तातील मात्रा अपुरी पडते. हा परिणाम रिफाम्पिसिन थांबविल्यावरही सुमारे ४ आठवडे टिकतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन ही अपस्मारावरील औषधे, तसेच युरोपात वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीही हेच करते. म्हणजे वनस्पतिज औषध निरुपद्रवीच असते, हा समज खरा नव्हे. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलट घडते. गोळीमुळे त्याची मात्रा घटून आक्षेप उद्भवू शकतात. ॲमॉक्सिसिलिनसारख्या नित्याच्या प्रतिजैविकांबाबत मात्र अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

आमच्या शोधनकर्मांचाही येथे विचार हवा. गोळी घेतल्यापासून ३ तासांच्या आत वमन झाल्यास ती पूर्ण शोषली जात नाही. दुसरी गोळी घ्यावी लागते. विरेचनाचे तीव्र वेग २४ तासांहून अधिक चालल्यासही गोळीचा भरवसा उरत नाही. म्हणून अशा काळात निरोधचा वापर सांगावा.

क्षयाचे औषध मात्र कदापि थांबवू नये. गर्भनिरोधाचा उपाय बदलावा. तांबी किंवा तीन महिन्यांचे डीएमपीए इंजेक्शन यांवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही. निवड स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने व्हावी.

त्या रुग्णेस आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. क्षयाचे उपचार चालूच राहिले. तेव्हापासून आमच्या रुग्णपत्रिकेत ‘पाळणा लांबविण्यासाठी काही घेता काय?’ हा प्रश्न छापलेला आहे. आपणही तो विचारावा, ही नम्र विनंती.