प्रारंभ कोठून करावा?

एकच दरवाजा असलेल्या वाड्यात शिरताना कोणालाही विचार पडत नाही. दरवाजा उघडला, उंबरठा ओलांडला, की माणूस आत आला. परंतु ज्या वाड्याला निरनिराळ्या काळी बांधलेले वीस दरवाजे आहेत, त्याच्यासमोर नवखा मनुष्य थबकतो. सर्वांत जुना दरवाजा कोणता, सर्वांत रुंद कोणता, आणि कोणत्या दरवाजाने आत गेले असता वाडा नीट पाहावयास मिळेल, असे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. वर्षानुवर्षे चालत आलेल्या व्हिडिओ गेमच्या मालिकेसमोर मुलांची अशीच स्थिती होते. खेळावयाची इच्छा असते. पण श्रीगणेशा कोठून करावा हे उमगत नाही.

‘द लीजंड ऑफ झेल्डा’ ही जपानमधील मालिका या अडचणीचे उत्तम उदाहरण होय. तिचा पहिला खेळ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर एकामागून एक खेळ निघत गेले आणि मुख्य मालिकेतील खेळांची संख्या २० च्या आसपास पोहोचली. पहिला खेळ खेळणारी मुले मोठी झाली, संसाराला लागली आणि त्यांची मुलेही त्याच मालिकेतील नवे खेळ खेळू लागली.

हा खेळ काढणारी निन्टेन्डो ही कंपनी त्याहूनही पुष्कळ जुनी आहे. १८८९ साली क्योटो शहरात तिची स्थापना झाली, तेव्हा ती फुलांची चित्रे असलेले ‘हनाफुदा’ नावाचे पत्ते तयार करीत असे. पुढे या कंपनीत शिगेरू मियामोतो नावाचे चित्रकलेची आवड असलेले तरुण दाखल झाले. त्यांचे बालपण क्योटोजवळच्या सोनोबे गावी गेले होते. तेथील डोंगरांतून आणि रानांतून ते एकटेच भटकत. एकदा त्यांना एक गुहा आढळली; हाती कंदील घेऊन ते तिच्या अंधारात शिरले. पुढे काय असेल याची भीती आणि ते पाहण्याची ओढ, ही दोन्ही एकाच वेळी मनात कशी नांदतात, याचा अनुभव त्यांनी तेथे घेतला. हाच अनुभव पडद्यावर उतरविण्याचे त्यांनी व त्यांचे सहकारी ताकाशी तेझुका यांनी ठरविले, आणि त्यातून झेल्डाचा जन्म झाला.

या मालिकेची मूळ कल्पना साधी आहे. हायरूल नावाचे एक काल्पनिक राज्य आहे. तेथे तीन सोनेरी त्रिकोण आहेत: एक सामर्थ्याचा, एक शहाणपणाचा आणि एक धैर्याचा. गॅनन नावाचा दुष्ट त्यांच्या लोभाने राज्यावर संकट आणतो. झेल्डा ही त्या राज्याची राजकन्या, आणि हिरवा अंगरखा घालून संकटाला तोंड देणारा मुलगा म्हणजे लिंक. मालिकेला राजकन्येचे नाव असल्यामुळे पुष्कळांना त्या मुलाचेच नाव झेल्डा आहे असे वाटते. परंतु तो समज चुकीचा आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. बहुतेक खेळांतील लिंक हा एकच मुलगा नव्हे. एका युगातील लिंक निराळा, शेकडो वर्षांनंतरचा लिंक निराळा. नावे तीच, धैर्य तेच; पण माणसे आणि काळ वेगळे. म्हणून जवळजवळ प्रत्येक खेळाची गोष्ट त्या खेळापुरती पूर्ण असते. मागील भाग ठाऊक नसल्यामुळे पुढील भाग कळणार नाही, ही भीती या मालिकेत फारशी उरत नाही. मग प्रारंभ कोठून करावा, हा प्रश्न तरी का पडावा? कारण गोष्ट कळणे निराळे आणि खेळ गोड लागणे निराळे.

प्रारंभाचा पहिला मार्ग सहज सुचतो. जो खेळ प्रथम निघाला, तो प्रथम खेळावा. या मार्गाचा एक लाभ निश्चित आहे. कला कशी वाढत गेली हे त्यात पायरीपायरीने दिसते. १९८६ च्या खेळात सारे जग वरून पाहिल्यासारखे सपाट आहे. १९९१ च्या ‘ए लिंक टू द पास्ट’ मध्ये एकाच भूमीची प्रकाशमय आणि अंधारमय अशी दोन रूपे आली. १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ मध्ये ते जग लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही अंगांनी उभे राहिले. आणि हलणाऱ्या शत्रूवर नजर खिळवून ठेवण्याची जी युक्ती त्यात योजली होती, तिचे अनुकरण पुढे अनेक खेळांनी केले.

परंतु या मार्गावर पहिल्याच पावलाला ठेच लागण्याचा संभव असतो. १९८६ चा खेळ सुरू होतो, तेव्हा लिंक एका मोकळ्या जागी उभा असतो. शेजारी एक गुहा असते. तिच्यात गेल्यास एक म्हातारा त्याला लाकडी तलवार देतो. न गेल्यास तो मुलगा रिकाम्या हातांनीच शत्रूंमध्ये जाऊन पडतो. पुढे १२८ पडद्यांएवढे विस्तीर्ण जग आहे, आणि कोणीकडे जावे हे जवळजवळ कोणीच सांगत नाही. कोणते झुडूप जाळले असता वाट सापडेल, कोणती भिंत फोडली असता गुहा उघडेल, याची खूणही बहुधा नसते. त्या काळची मुले हे सारे एकमेकांना विचारीत, कागदावर नकाशे काढीत आणि शाळेत भेटल्यावर नवा शोध सांगत. तो नकाशा आणि ते मित्र हेदेखील खेळाचेच अंग होते. आज एखादा मुलगा तोच खेळ एकटा घेऊन बसला, दहा मिनिटांत दहा वेळा हरला आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे म्हणून उठला, तर तो दोष त्याचा नव्हे. त्याच्या हाती खेळ आला. त्याबरोबरचा काळ मात्र आला नाही.

दुसरा मार्ग कथेच्या क्रमाचा. २०११ साली कंपनीच्या संमतीने मालिकेच्या इतिहासाचे एक पुस्तक जपानमध्ये निघाले. त्यात सर्व खेळांतील घटना कालानुक्रमाने मांडलेल्या होत्या. तो क्रम पाहून अनेकांना नवल वाटले. कारण कथेच्या दृष्टीने सर्वांत आधीची घटना १९८६ च्या खेळात नसून, त्यानंतर २५ वर्षांनी निघालेल्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ या खेळात होती! शिवाय ‘ऑकरिना ऑफ टाइम’ नंतर कथेचा प्रवाह एक न राहता, नदीला फाटे फुटावेत त्याप्रमाणे, त्याच्या तीन शाखा झालेल्या होत्या.

इतिहास क्रमाने वाचावा, तसे हे खेळही क्रमाने खेळावेत, असे कोणालाही वाटेल. परंतु या क्रमाचे पहिले चार खेळ पाहिले म्हणजे त्यातील अडचण दिसून येते. पहिला खेळ २०११ चा, दुसरा २००४ चा, तिसरा २००२ चा आणि चौथा १९९८ चा. गोष्ट पुढे पुढे जाते. पण चित्रे, आवाज आणि सोयी मात्र मागे मागे जातात. शिवाय ‘हे सारे कोठून आले’ हे सांगणारी गोष्ट कोणासाठी असते? ज्याने ‘हे सारे’ आधी पाहिले आहे त्याच्यासाठी. एखाद्या थोर पुरुषाचे कार्य ठाऊक झाल्यावर त्याच्या बालपणीच्या आठवणी गोड लागतात. त्याचे नावही ठाऊक नसताना त्याच आठवणी वाचल्या, तर त्यांतील निम्मे मर्म निसटून जाते.

तिसरा मार्ग असा की, सालाकडे आणि कथेच्या क्रमाकडे न पाहता नवख्याचे हात धरून नेणारा खेळ निवडावा. असा खेळ ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. त्याची गोष्ट स्वतःपुरती पूर्ण असावी. आपले नियम त्याने खेळता खेळता शिकवावेत. आणि तो आपल्या वेळेच्या आटोक्यात असावा.

या कसोटीला ‘लिंक्स अवेकनिंग’ हा खेळ चांगला उतरतो. तो प्रथम १९९३ साली हातात मावणाऱ्या लहान यंत्रासाठी निघाला आणि २०१९ साली नव्या रूपात पुन्हा आला. वादळात नौका फुटून लिंक एका बेटाच्या किनाऱ्याला लागतो. मारिन नावाची मुलगी त्याला घरी आणते. बेटावरून बाहेर पडण्यासाठी त्याला आठ वाद्ये मिळवून, निद्रिस्त असलेल्या एका विलक्षण माशाला जागे करावयाचे असते. हे बेट लहान आहे. म्हणून वाट चुकली तरी फार दूर जाता येत नाही. गोष्ट मात्र लहान नाही, आणि तिचा शेवट मनात दीर्घकाळ रेंगाळतो.

ज्याला मोकळे रान हवे असेल, त्याच्यासाठी ३ मार्च २०१७ रोजी निघालेला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आहे. यात लिंक शंभर वर्षांच्या निद्रेतून जागा होतो आणि त्याला पूर्वीचे काहीच आठवत नाही. खेळणाऱ्यालाही काही ठाऊक नसते. म्हणून दोघे बरोबरीनेच शिकू लागतात. प्रारंभी तो एका उंच पठारावर असतो. सभोवती तुटलेले कडे असल्यामुळे खाली उतरता येत नाही. त्या पठारावर चार लहान मंदिरे आहेत, आणि त्या चारांमध्ये पुढच्या प्रवासाला लागणाऱ्या विद्या मिळतात. थंडीत ऊब कशी मिळवावी, अन्न कसे शिजवावे, झाडावर आणि कड्यावर कसे चढावे, हेही तेथेच कळते. शिक्षण पूर्ण झाले की हवेत तरंगण्याचे एक कापडी साधन हाती येते आणि सारे राज्य खुले होते. कोणी तडक शेवटच्या किल्ल्याकडे गेला, तरी त्याला अडवणारे कोणी नाही! तथापि हा खेळ फार मोठा आहे. तो पुरा होण्यास कित्येक महिन्यांच्या सुट्या लागाव्यात. ज्याचा वेळ थोडा, त्याने बेटापासूनच प्रारंभ करणे शहाणपणाचे.

ज्या मुलींना किंवा मुलांना प्रत्यक्ष झेल्डाची भूमिका करावीशी वाटते, त्यांच्यासाठी २०२४ साली निघालेला ‘इकोज ऑफ विज्डम’ हा खेळ आहे. मुख्य मालिकेत नायकाचे काम पूर्णपणे राजकन्येकडे सोपविलेला हा पहिला खेळ. ती तलवारीपेक्षा युक्तीवर अधिक भिस्त ठेवते. पाहिलेल्या वस्तूची प्रतिकृती निर्माण करून, पलंगावर पलंग रचून, ती पलीकडची भिंत ओलांडते.

कोठून प्रारंभ करू नये, हेही सांगितले पाहिजे. २०२३ चा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ चा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध पाहिल्यावाचून त्यातील भेटीगाठींचा आनंद अपुरा राहतो. २००० सालच्या ‘मेजोराज मास्क’ मध्ये ‘ऑकरिना ऑफ टाइम’ मधलाच लिंक पुढे चालतो. शिवाय त्यात आकाशातील चंद्र तीन दिवसांत पृथ्वीवर कोसळणार असतो, आणि तेच तीन दिवस पुनःपुन्हा जगून संकट टाळावयाचे असते. वेळेचा हा तगादा नवख्याला घाबरवून सोडतो. अनुभवी खेळाडूला मात्र त्याच खेळाची विशेष गोडी वाटते.

मग १९८६ चा खेळ कोणी खेळूच नये काय? अवश्य खेळावा, परंतु परत येऊन. दोनतीन खेळ झाल्यावर तो उघडला म्हणजे त्याचे रूप पालटलेले दिसते. ती मोकळी जागा, ती गुहा, ती अनोळखी भिंत, सारे काही ओळखीचे वाटू लागते. खुद्द निर्मात्यांनीही हेच केले. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ रचताना दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या कल्पना पडताळून पाहण्यासाठी जुन्या सपाट झेल्डासारखा एक छोटा खेळ तयार करून घेतला होता. तीस वर्षांपूर्वीच्या खेळात जी मोकळीक होती, तीच त्यांना नव्या काळात पुन्हा हवी होती. आरंभ समजावयाला कधी कधी पुष्कळ पुढे जाऊन मागे वळावे लागते, ते असे.

पहिल्या खेळाची आणखी एक थोरवी सांगण्यासारखी आहे. तो एका बैठकीत संपणारा नव्हता, हे त्याच्या कर्त्यांना ठाऊक होते. म्हणून जेथवर मजल गेली, तेथवरची नोंद ठेवण्याची सोय त्यात केलेली होती. खेळ थांबवावा, अभ्यासाला बसावे, झोपी जावे, आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे निघावे. राज्य कोठे पळून जात नाही. ज्याला थांबता येते, त्यालाच लांबचा पल्ला गाठता येतो.

जे खेळांचे, तेच पुस्तकांचे आणि विद्येच्या कोणत्याही शाखेचे. पहिला क्रमांक पाहून प्रारंभ करणारा कधी कधी उंबरठ्यावरूनच परततो आणि वाडाच वाईट होता असे सांगत सुटतो. जाणता मात्र आपली उंची, आपला वेळ आणि आपली आवड पाहून दरवाजा निवडतो. एकदा आत गेल्यावर त्याला सर्व दालने मोकळी असतात. आणि एखाद्या संध्याकाळी, आतून चालत चालत, तो त्या सर्वांत जुन्या दरवाजाशीही येऊन पोहोचतो.