निळ्या रेषेच्या आत कोण?

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोचलं की इशारा, ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर भांडण उरतं ते रेषांचं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. करवीर, हातकणंगले, शिरोळमधले जमिनीचे कुठले गट निळ्याच्या आत पडतात?

असा प्रश्न सोडवणारं एक फुकट आणि दणकट हत्यार म्हणजे पोस्टजीआयएस. कॅनडातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च कंपनीने २००१ मध्ये ते पोस्टग्रेस डेटाबेसला जोडलं. त्याची रीत दोन चाळण्यांची. आधी प्रत्येक आकृतीभोवती चौकट आखायची. चौकटी एकमेकींना लागल्या तरच खऱ्या हद्दी तपासायच्या. अशा चौकटींची उतरंड रचून बनणारा इंडेक्स अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडला. पहिली चाळणी झटपट होते. वेळ खाते दुसरी, कारण तिथे नदीचं वळणन् वळण मोजावं लागतं.

मग काम वाटून का घेऊ नये? २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून पोस्टग्रेस एकच प्रश्न अनेक प्रोसेसना वाटून देऊ लागलं. पण पोस्टजीआयएसच्या फंक्शनांवर खर्चाचा आकडा फारच कमी लिहिलेला होता. एवढ्याशा कामाला जादा माणसं कशाला, असा हिशेब करून पोस्टग्रेसचा प्लॅनर, म्हणजे कामाची आखणी करणारा भाग, एकाच प्रोसेसवर काम उरकायचा. तो आकडा वाढवावा, तर चौकटींचा इंडेक्सच बाजूला पडण्याची भीती. ही कोंडी फुटली २०१९ मध्ये, पोस्टग्रेस १२ आणि पोस्टजीआयएस ३.० एकत्र आल्यावर. तरीही मूळ सेटिंगमध्ये एका प्रश्नाला जादा कामगार प्रोसेस दोनच मिळतात.

माझं मत विचाराल तर कामगार वाढवण्याआधी आकृती कापावी. वाटणी होते ती टेबलातल्या ओळींची, एका ओळीतली आकृती फोडली जात नाही. ऊसतोडीत पाती सारख्या वाटल्या तरी पडलेला ऊस ज्या कोयत्याच्या वाट्याला येतो तो मागे राहतो, तसंच. त्यात प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतची पूररेषा एकाच ओळीत ठेवली, तर तिची चौकट एवढी पसरते की नदीपासून लांबचे कोरडे गटही पहिल्या चाळणीतून सुटतात. एसटी_सबडिव्हाइड हे फंक्शन तिचे जास्तीत जास्त २५६ बिंदूंचे तुकडे पाडतं. तुकड्यांच्या चौकटी नदीला चिकटून बसतात आणि कोरडे गट आधीच गळतात.

मात्र दोन तुकड्यांना शिवणारा गट उत्तरात दोनदा येतो. यादी करताना तो एकदाच धरायचा. बाधित क्षेत्र काढताना दोन्ही तुकड्यांतलं मिळवायचं.